मागणी १७.४० लाखांची, कर ५.६५ लाखांचा: वडोदऱ्यातील एका शेडच्या जीएसटी थकबाकीचे प्रकरण

हे प्रकरण २०२४ सालचे आहे. उद्योगाची ओळख पटू नये म्हणून व्यवसायाचे काही तपशील बदलले आहेत. रकमाही परस्परांतील प्रमाण सांभाळून पूर्णांकात आणल्या आहेत. तारखांमधली अंतरे मात्र तशीच ठेवली आहेत, कारण या प्रकरणात सगळा खेळ दिवसांचाच होता.

पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली एक शेड. ट्रान्सफॉर्मरसाठी पत्र्याच्या टाक्या आणि क्लॅम्प बनवण्याचे काम. दांडिया बाजारात राहणारे दोघे मराठी भाऊ ती चालवतात. थोरले कारखाना पाहतात, धाकटे ऑर्डरी आणि उधारी. हिशेब एका अर्धवेळ हिशेबनिसाकडे होता. जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला ईमेल आणि मोबाइल नंबरही त्याचाच.

महिन्याची विक्री सुमारे ३० लाख. त्यावर १८ टक्क्यांनी ५.४० लाख जीएसटी. पोलादी पत्रा आणि इतर खरेदी २० लाखांची, म्हणजे ३.६० लाखांचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट). रोखीने भरायचे राहतात १.८० लाख. वर्षाची उलाढाल ३.६० कोटी. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा, त्याचे कारण पुढे येईल.

साठ टक्के माल एकाच मोठ्या खरेदीदाराकडे जाई आणि त्याचे पैसे यायला चार-चार महिने लागत. जीएसटीत मालावरचा कर बिलाच्या तारखेला लागू होतो, पैसे हातात आले की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. एप्रिलच्या बिलांचा कर २० मेपर्यंत भरायचा आणि त्या बिलांचे पैसे ऑगस्टमध्ये यायचे. असा मेळ अनेक लहान कारखाने वर्षानुवर्षे कसाबसा जमवतात. इथे एप्रिल २०२४ मध्ये एक मशीन दुरुस्तीला गेले, मोठा खर्च निघाला आणि मेळ तुटला.

अडचण कशी वाढत गेली

एप्रिलचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचे विवरण, वेळेत, ११ मेला भरला गेला. जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचे मासिक रिटर्न, मात्र २० मेला भरले नाही, कारण १.८० लाख हाताशी नव्हते. ३बी भरताना पूर्ण कर द्यावाच लागतो, निम्मा भरून रिटर्न जात नाही. हिशेबनिसाने धाकट्या भावांना सांगितले, "भाऊ, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम भरू." वाक्य साधेच, पण जीएसटीच्या यंत्रणेत एक रिटर्न अडले की मागची दारे एकेक करून बंद होत जातात.

पहिले दार ११ जूनला बंद झाले. मागच्या महिन्याचा ३बी भरलेला नसेल तर नियम ५९(६) नुसार पुढचा जीएसटीआर-१ भरता येत नाही. मेची बिले पोर्टलवर चढलीच नाहीत. खरेदीदाराला त्याच्या २बी मध्ये (पोर्टलवर बनणाऱ्या क्रेडिटच्या मासिक यादीत) ती दिसली नाहीत, म्हणजे त्याला क्रेडिट मिळाले नाही. त्याच्या लेखा विभागाने कळवले की बिले दिसेपर्यंत पैसे थांबतील. ज्या पैशांतून कर भरायचा होता, तेच पैसे कर न भरल्यामुळे अडकले.

दुसरे दार २० जूननंतर. सलग दोन महिन्यांचे ३बी थकले की नियम १३८ई नुसार त्या जीएसटी क्रमांकावरून निघणाऱ्या मालाचे ई-वे बिल (मालवाहतुकीचा परवाना) बनत नाही. ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल बाहेर काढणे अवघड झाले. जुलैपासून विक्री निम्म्यावर आली. आसपासच्या, छोट्या बिलांच्या मालावरच शेड चालू राहिली.

इकडे केंद्रीय जीएसटीची कारवाई ठरल्या क्रमाने चालू होती. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या २४ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात हा क्रम दिलेला आहे: मुदत उलटून पाच दिवसांनी जीएसटीआर-३ए ही नोटीस, तिला पंधरा दिवसांची मुदत, तरीही रिटर्न आले नाही तर जीएसटी कायद्याच्या कलम ६२ खाली हाती असलेल्या माहितीवरून करनिर्धारण. १२ ऑगस्टला एप्रिल, मे आणि जून अशा तीन महिन्यांचे एएसएमटी-१३ हे करनिर्धारणाचे आदेश निघाले. एप्रिलसाठी जीएसटीआर-१ मधला ५.४० लाख कर धरला. मे आणि जूनसाठी ई-वे बिले आणि आधीची सरासरी पाहून प्रत्येकी ६ लाख. इनपुट क्रेडिट शून्य, कारण ते रिटर्नमध्ये मागितलेलेच नव्हते. एकूण मागणी १७.४० लाख, व्याज वेगळे.

हे आदेश दोघा भावांना कळलेच नाहीत. हिशेबनीस जुलैमध्ये काम सोडून गेला होता आणि ईमेल त्याच्याच फोनवर येत होते. पोर्टलवर आदेश होते, पण नेहमीच्या नोटिसांच्या पानावर नव्हते, 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' या वेगळ्या कप्प्यात होते. कायद्याच्या कलम १६९ नुसार पोर्टलवर टाकणे ही रीतसर बजावणी आहे. त्यामुळे "आम्हाला मिळालेच नाही" या म्हणण्याला वजन फार थोडे.

१८ नोव्हेंबरला बँकेतून फोन आला. डीआरसी-१३ हा वसुलीचा आदेश आला होता: कलम ७९ खाली, खात्यातली रक्कम सरकारजमा करा. चालू खात्यात २.३० लाख होते. चालू खाते आणि कॅश क्रेडिट (बँकेच्या उचलीचे) खाते, दोन्ही गोठले. तेव्हा भाऊ सल्लागाराकडे गेले.

त्या दिवशी कोणत्या मुदती चालू होत्या

सल्लागाराने पहिला तास कागदावर तारखा मांडण्यात घालवला. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा तास तोच.

कलम ६२(२) नुसार एएसएमटी-१३ मिळाल्यापासून ६० दिवसांत खरे रिटर्न भरले तर तो आदेश मागे घेतला गेला असे मानले जाते. ही मुदत पूर्वी ३० दिवसांची होती, १ ऑक्टोबर २०२३ पासून ती ६० झाली. शिवाय आणखी ६० दिवसांची सवलत आली, त्यासाठी दिवसाला १०० रुपये जादा विलंबशुल्क आणि राज्याच्या कायद्याखाली तेवढेच. १२ ऑगस्टपासूनचे पहिले ६० दिवस ११ ऑक्टोबरला संपले होते. दुसरे ६० दिवस १० डिसेंबरला संपणार होते. हातात बावीस दिवस होते.

अपिलाची तीन महिन्यांची मुदत १२ नोव्हेंबरला गेली होती. योग्य कारण दाखवल्यास आणखी एक महिना, म्हणजे १२ डिसेंबरपर्यंत, अपील दाखल होऊ शकत होते.

तीन दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, तिसरी मुदत येऊन पडली: सलग सहा महिने रिटर्न न भरल्याबद्दल नोंदणी रद्द का करू नये, अशी आरईजी-१७ नोटीस. उत्तराला सात कामकाजाचे दिवस, म्हणजे २ डिसेंबर. नोटिशीबरोबर नोंदणी स्थगितही झाली. १० डिसेंबर डोळ्यांसमोर ठेवून आखलेली योजना आठ दिवस अलीकडे ओढावी लागली.

तोलून पाहिलेले पर्याय

थोरल्या भावांचा पहिला कल हप्त्यांकडे होता. कलम ८० खाली डीआरसी-२० अर्ज केला तर जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळू शकतात. १७.४० लाखांचे २४ हप्ते म्हणजे महिन्याला ७२,५०० आणि वर व्याज. झेपण्यासारखे वाटत होते. पण हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. एक तर न लागणारा जवळजवळ १२ लाखांचा कर मान्य केल्यासारखे होते. दुसरे, रिटर्न न भरलेलेच राहतात, त्यामुळे ई-वे बिल आणि जीएसटीआर-१ बंदच राहतात आणि हप्ते भरायला लागणारी विक्रीच होत नाही. आता उलट बाजूचा अडसर: रिटर्न भरल्यावर जो खरा कर निघतो तो स्वतः मान्य केलेला कर ठरतो आणि त्याला कलम ८० चे हप्ते मिळत नाहीत. म्हणजे फुगवलेल्या मागणीला हप्ते आहेत, खऱ्या कराला नाहीत. अनेकजण इथे फसतात, कारण "हप्ते मिळतात" एवढेच ऐकलेले असते.

अपील वरकरणी सर्वांत स्वस्त. वादातल्या कराच्या १० टक्के, म्हणजे १.७४ लाख भरले की कलम १०७(७) नुसार उरलेली वसुली थांबते. पण अपिलात मांडायचे काय? कर लागू होता, रिटर्न भरले नव्हते, बजावणी कायद्याप्रमाणे झाली होती. वर्ष-दीड वर्ष वसुली थांबली असती, रिटर्न मात्र तसेच राहिले असते आणि कलम ६२(२) ची मुदत अपिलाच्या वाटेवर निघून गेली असती.

उच्च न्यायालयात जाण्याचाही विचार झाला, तो फक्त कॅश क्रेडिट खात्यापुरता. बँकेने दिलेली उचल ही खातेदाराचे येणे नसते, देणे असते, म्हणून असे खाते जप्त करता येत नाही अशी भूमिका गुजरात उच्च न्यायालयाने हंगामी जप्तीच्या प्रकरणांत घेतली आहे. मुद्दा बळकट होता. पण अहमदाबादला याचिका करून तारीख मिळेपर्यंत २ डिसेंबर उलटला असता. सल्लागाराने तो मुद्दा अधिकाऱ्यांना द्यायच्या पत्रात घातला आणि याचिका बाजूला ठेवली.

उरला एकच मार्ग: सगळी थकलेली रिटर्न भरायची, पूर्ण पैशांसह. त्यात आणखी एक आधार होता. कलम ५० च्या परंतुकानुसार उशिरा भरलेल्या रिटर्नवर व्याज फक्त रोखीने भरलेल्या भागावर लागते, मात्र कलम ७३ किंवा ७४ ची (कमी भरलेल्या कराच्या वसुलीची) कारवाई सुरू झाल्यावर रिटर्न भरले तर ही सवलत जाते. २०२४-२५ पासून या दोन कलमांची जागा ७४ए ने घेतली आहे. इथे कारवाई कलम ६२ ची होती, म्हणून व्याज १.८० लाखांवर बसणार होते, ५.४० लाखांवर नाही.

काय केले

१९ नोव्हेंबरला जीएसटी विभागाच्या रेंजच्या (स्थानिक कार्यालयाच्या) अधीक्षकांना एक पानी पत्र दिले. त्यात महिनावार तक्ता, २बी च्या प्रती, कॅश क्रेडिट खात्याचा मुद्दा आणि १० डिसेंबरपूर्वी सर्व रिटर्न भरण्याची लेखी हमी. विनंती एकच होती, तोपर्यंत डीआरसी-१३ थांबवावा. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले, "भरा, मग बघू" असे म्हटले. सल्लागाराने लेखी मागितले, पण त्या दिवशी ते मिळाले नाही. बँक तोंडी शब्दावर थांबत नाही आणि थांबूही नये. २२ नोव्हेंबरला बँकेने २.३० लाख सरकारजमा केले.

इथे एक बारकावा आहे, जो महागात पडतो. डीआरसी-१३ खाली गेलेले पैसे एएसएमटी-१३ च्या मागणीत जमा होतात. ते करदात्याच्या कॅश लेजरमध्ये (रिटर्नसाठी पोर्टलवर जमा केलेल्या रोख रकमेच्या खात्यात) येत नाहीत, म्हणून त्यांनी ३बी भरता येत नाही. पुढे आदेश मागे घेतला गेला की ती रक्कम परतावा म्हणून मागावी लागते. म्हणजे तेच २.३० लाख दुसरीकडून पुन्हा उभे करणे आले. खाते गोठल्यावर पहिल्या दिवसापासून रोख रक्कम कॅश लेजरकडे वळवण्याची घाई करायची, ती एवढ्यासाठी.

पैसे उभे केले ते घरच्या सोन्यावर. ६.६० लाखांचे सोनेतारण कर्ज थोरल्या वहिनींच्या नावाने घेतले. कराचे चलन स्वतःच्याच बँक खात्यातून भरावे लागते असा समज असतो, तो चुकीचा आहे. पीएमटी-०६ चलन बनवून एनईएफटी किंवा आरटीजीएसने कोणत्याही खात्यातून रक्कम पाठवता येते. चलन पंधरा दिवस चालते. बँकेच्या काउंटरवर मात्र १०,००० रुपयांची मर्यादा आहे.

रिटर्न भरण्याचा क्रम बदलता येत नाही: एप्रिलचा ३बी, मग मेचा जीएसटीआर-१, मेचा ३बी, मग जून. त्याआधी प्रत्येक महिन्याचे क्रेडिट २बी शी जुळवले. मेमध्ये २५,००० रुपयांचे क्रेडिट दिसत नव्हते, एका पत्रा पुरवठादाराने आपला जीएसटीआर-१ उशिरा भरला होता. तो आकडा मेमध्ये घेतला असता तर तफावतीची नवी नोटीस ओढवली असती. तो सोडला आणि ऑगस्टच्या २बी मध्ये दिसला तेव्हा तिथे घेतला. म्हणून मेचा रोख कर २.०५ लाख झाला आणि तीन महिन्यांचा ५.६५ लाख.

२५ नोव्हेंबरला तिन्ही रिटर्न गेली. व्याज १८ टक्क्यांनी, दिवस मोजून: एप्रिलचे १८९ दिवसांचे १६,७७७, मेचे १५८ दिवसांचे १५,९७३, जूनचे १२८ दिवसांचे ११,३६२. एकूण ४४,११२ रुपये. विलंबशुल्क दिवसाला ५० रुपये, पण दीड ते पाच कोटी उलाढालीला प्रत्येक रिटर्नमागे ५,००० ची कमाल मर्यादा आहे, म्हणून १५,०००. कलम ६२(२) चे जादा शुल्क १२ ऑक्टोबरपासून ४५ दिवसांचे, दोन्ही कायद्यांचे मिळून दर आदेशामागे ९,०००, तीन आदेशांचे २७,०००. हे डीआरसी-०३ या स्वेच्छेने भरण्याच्या फॉर्मने वेगळे भरले. सगळे मिळून ६.५१ लाख.

दुसऱ्या दिवशी रिटर्नच्या पावती क्रमांकांसह दुसरे पत्र दिले. आता अधिकाऱ्यांकडे कागद होता. २७ तारखेला बँकेला डीआरसी-१३ मागे घेतल्याचे पत्र गेले आणि खाती मोकळी झाली.

जुलै ते ऑक्टोबरच्या रिटर्नना आणखी ३.५५ लाख हवे होते. ते खरेदीदाराकडून आले. २बी महिन्यातून एकदाच, १४ तारखेला बनते. पण २ए या सतत बदलत राहणाऱ्या यादीत बिल लगेच दिसते. मे आणि जूनची बिले २ए मध्ये दिसत असल्याचे धाकट्या भावांनी खरेदीदाराच्या लेखा विभागात जाऊन दाखवले. "साहेब, १४ तारखेची वाट पाहिली तर नोंदणीच जाईल, मग तुमचे पुढचे क्रेडिटही गेले," हे त्यांनी स्पष्ट सांगितले. २८ तारखेला ५ लाख आले. २९ नोव्हेंबरला चारही रिटर्न भरली आणि आरईजी-१८ मध्ये उत्तर दिले.

निष्पत्ती

सर्व रिटर्न आणि कर भरल्यामुळे नोंदणी रद्द करण्याची कारवाई आरईजी-२० या आदेशाने बंद झाली, ई-वे बिल सुरू झाले. १७.४० लाखांची मागणी कायद्याने संपली, पोर्टलच्या लायबिलिटी रजिस्टरमध्ये (देण्यांच्या नोंदवहीत) मात्र ती तशीच दिसत राहिली. आदेश "मागे घेतला असे मानले" तरी नोंद आपोआप पुसली जात नाही. ती काढून टाकण्यासाठी वेगळा अर्ज आणि दोन महिन्यांचा पाठपुरावा लागला. हा पाठपुरावा सोडला तर वर्षभराने वसुली कक्षातला नवा अधिकारी तीच यादी काढून पुन्हा डीआरसी-१३ पाठवू शकतो.

२.३० लाखांच्या परताव्याचा अर्ज आरएफडी-०१ मध्ये केला. कागद अपुरे म्हणून एकदा परत आला. पैसे एप्रिल २०२५ मध्ये खात्यात आले.

सात महिन्यांचा खरा रोख कर ९ लाख होता. त्यावर व्याज आणि शुल्कापोटी १.०६ लाख गेले. सोनेतारणाचे व्याज आणि निम्म्यावर आलेल्या विक्रीचे नुकसान याशिवाय. दोन कारागीर दिवाळीपूर्वीच दुसऱ्या शेडमध्ये गेले होते, ते परत आले नाहीत.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा निर्णय मार्च-एप्रिलमध्येच घ्यायचा होता, तोही फुकट. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्नची क्यूआरएमपी योजना घेता येते. एप्रिल ते जूनसाठी ती ३० एप्रिलपर्यंत निवडता आली असती. मग पहिल्या दोन महिन्यांत ३बी नाही, फक्त पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ ने रक्कम भरायची. ती चुकली तर १८ टक्के व्याज लागते, पण रिटर्न थकत नाही. पहिला ३बी गुजरातसाठी २२ जुलैला देय. ई-वे बिल बंद होण्यासाठी दोन तिमाह्या थकाव्या लागतात. खरेदीदाराला क्रेडिट हवे म्हणून महिन्याला ५० लाखांपर्यंतची बिले आयएफएफ या (तिमाहीच्या मधल्या महिन्यांत बिले दाखवण्याच्या) सुविधेत चढवता येतात, यांची बिले ३० लाखांचीच होती. जुन्या हिशेबनिसाने "तिमाही केले तर पार्टी माल घेणार नाही" असे सांगून हा विषय मिटवला होता. आयएफएफची माहिती नसल्याने अनेक लहान उद्योजक याच गैरसमजात मासिक रिटर्न भरत राहतात. उधारी लांबणाऱ्या, पाच कोटींखालच्या कारखान्याने मासिक रिटर्न भरण्याचे सबळ कारण आम्हाला दिसत नाही.

मेमध्ये १.८० लाख नव्हते, पण साठ-सत्तर हजार नक्कीच होते. ते देय तारखेआधी कॅश लेजरमध्ये टाकून ठेवले असते तर तेवढ्या रकमेवरचे व्याज वाचले असते. नियम ८८बी मध्ये जुलै २०२४ पासून तशी तरतूद आहे. जूनच्या रिटर्नपासून तिचा उपयोग झाला असता.

जूनअखेर ई-वे बिल अडले तेव्हा ईडब्ल्यूबी-०५ मध्ये कारणे देऊन ते उघडण्याचा अर्ज करता येत होता. कोणी केला नाही. मोठ्या खरेदीदाराकडून ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यातला हक्कही वापरला नाही. गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी असते. निदान थकलेल्या बिलांचे लेखी स्मरणपत्र तरी जायला हवे होते.

पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाइल मालकाचा हवा. हे दुरुस्त करायला फारसा वेळ लागत नाही. ते झाले असते तर १२ ऑगस्टलाच कळले असते, ११ ऑक्टोबरपूर्वी रिटर्न गेली असती, २७,००० वाचले असते आणि खाते कधी गोठलेच नसते.

कर विभागाच्या बाजूने पाहता नियमाबाहेर काही घडले नाही. डीआरसी-१३ तीन महिन्यांनंतरच निघाला. तरीही १२ ऑगस्ट ते १८ नोव्हेंबर या काळात शेडच्या पत्त्यावर एकदाही कोणी गेले नाही, साधा फोनही झाला नाही. २बी मध्ये दरमहा साडेतीन लाखांचे क्रेडिट पडून आहे, हे विभागाला दिसत होते. म्हणजे १७.४० लाख मिळणार नाहीत आणि खरी वसुली पाच-सहा लाखांची आहे, हेही दिसत होते. कलम ६२(२) ची दुसरी मुदत चालू असताना खात्यावर डीआरसी-१३ पाठवण्याआधी मालकाशी एकदा बोलणे झाले असते तर २.३० लाख सरकारजमा करून पाच महिन्यांनी परत देण्याचे काम दोघांचेही वाचले असते.

भावांनी जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीपासून क्यूआरएमपी घेतली. मासिक रिटर्नवरून आल्यामुळे पहिल्या तिमाहीत पीएमटी-०६ ची ठरीव रक्कम मागच्या तिमाहीच्या शेवटच्या महिन्यातील रोख कराइतकी होती. पुढच्या तिमाहीपासून ती मागच्या तिमाहीच्या रोख कराच्या ३५ टक्के झाली. दर महिन्याच्या १० तारखेला धाकटे भाऊ स्वतः पोर्टलवर दोन्ही कप्प्यांतल्या नोटिसा पाहतात आणि १३ तारखेच्या आत बिले आयएफएफमध्ये चढवून खरेदीदाराला त्याची प्रत पाठवतात.